खालच्या कोपरीतली साक्ष

"हातात काय हाय रं, मुकुंदा?"

"ढेकूळ आहे, अक्का."

"चकाकतंय की."

"ओलं आहे."

वैशाखाचा दुसरा आठवडा होता. आमच्या खैरगव्हाणात त्या दिवसांत विहिरीसुद्धा ओल्या नसत, ढेकळांचं काय घेऊन बसलात. गोदाक्का बारंगुळे बांधाच्या पलीकडे कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. मी ते ओलं ढेकूळ खिशात घातलं. त्याची धार मांडीला लागली, तरी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"येत्या सोमवारी सरकारी माणूस येतोय मोजायला," अक्का म्हणाल्या. "तवर तुमच्या रानातली ढेकळं तुमच्याच रानात ऱ्हाऊ द्या म्हंजे झालं."

त्या गेल्यावर मी बाभळीआड बसून खिशातली वस्तू बाहेर काढली. पांढऱ्या चिनी मातीच्या बरणीचा तुकडा होता, बोटभर लांब, वर दोन निळ्या रेघा. त्याच्याजवळच मला दोन कोळसे सापडले होते. दुसऱ्या कुणाला हे सापडलं असतं तर त्यानं फेकून दिलं असतं. मला घाम फुटला, कारण मी नाना गव्हाण्यांचा मुलगा होतो.

आमचे नाना हे पंचक्रोशीतले बांधांचे डॉक्टर. कुणाचा बांध सरकला, कुणाचा दगड हलला, की लोक त्यांना बोलावून नेत. नाना दोरी घेऊन जात, चार माणसांचं ऐकून घेत, मग दगडाशेजारी उकिडवे बसून म्हणत, "दगड काय, कुणीही उचलून नेईल. खालचं कोण उकरतंय? खणा." कारण जुन्या लोकांची रीत अशी होती, की हद्दीचा दगड रोवायचा तर आधी खड्ड्यात कोळसे, फुटकं चिनी भांडं, असं न कुजणारं काहीतरी पुरायचं आणि त्यावर दगड उभा करायचा. त्याला साक्ष म्हणत. दगड रातोरात चालत गेला, तरी साक्ष जागची हलत नाही. नाना खणायला लावत, दोन हातांवर कोळसे लागत आणि चोरी करणारा मान खाली घाली. नानांचा निवाडा कुणी कधी मोडला नाही.

फक्त आमच्या काळ्या जमिनीचा एक स्वभाव आहे. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि या भेगाळण्या-फुगण्यात पोटातलं सगळं हळूहळू वर ढकलते. दगड, हाडं, बैलाच्या पायातली पत्री. आमच्याकडे शेतातले गोटे दरवर्षी वेचून काढतात आणि दरवर्षी नवे येतात. तिच्यात काही कायमचं लपवायचं म्हणजे पोटात गोष्ट न राहणाऱ्या माणसाला विश्वासात घेण्यासारखं आहे.

मी उठलो, आणि बांधापासून त्या जागेपर्यंतची पावलं मोजली. आठ भरली. आमच्या रानात आठ पावलं आत.

मग मी जे आयुष्यभर पाहत आलो होतो ते पहिल्यांदा पाहिलं. बांध ओढ्यापासून सरळ येतो आणि आमच्या रानाच्या खालच्या कोपरीत आल्यावर, जेवून उठलेल्या माणसासारखा, पोट पुढं काढतो. पलीकडे. गोदाक्कांच्या बाजूला.

ही गोष्ट त्रेपन्न वर्षांपूर्वीची. मी बावीस वर्षांचा होतो, बी.ए. झालो होतो आणि घरी बसून, दौतीत टाक बुडवून, मास्तरकीचे अर्ज लिहीत होतो. अक्षर छान होतं, नोकरी नव्हती. गावात माझी ओळख 'नानांचा मुकुंदा' एवढीच होती आणि सोमवारी नानाच बांधचोर ठरले, तर मी कुणाचा कोण उरणार होतो, हे मला कळेना.

गोदाक्कांनी मोजणीचा अर्ज केला होता तो सासूच्या शब्दावर. सासू मरताना म्हणाली होती, "खालच्या अंगाला आपल्या ओळी कमी भरत्यात गं." सासू तीन वर्षांपूर्वी गेली. पेरणीच्या ओळी मोजण्यात अक्कांची तीन वर्षं गेली. मग त्या तालुक्याला गेल्या आणि फी भरून आल्या.

मी ठरवलं, की सोमवारच्या आत साक्ष उचलायची. सगळी.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी पुस्तक घेऊन खालच्या कोपरीत जाऊ लागलो. पुस्तक उघडून फेऱ्या मारायच्या, तुकडा दिसला की पुस्तक पाडायचं, वाकायचं, दोन्ही उचलायचं. नुकतंच रान कुळवलेलं होतं, त्यामुळे दिसायला सोपं. पहिल्या दिवशी सात तुकडे, तीन कोळसे. दुसऱ्या दिवशी पाच आणि काचेची एक हिरवी बांगडी, अर्धी. माळ्यावर वनस्पती तुपाचा रिकामा डबा होता, त्यात ते टाकत गेलो.

आईनं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "एवढ्या उन्हात कसलं वाचन रे? घरात सावली नाही?"

"मोकळ्या हवेत पाठ होतं."

"पुस्तक उलटं धरून?" एवढं बोलून तिनं आमटी वाढली.

नाना समोर जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. गेले काही दिवस त्यांचं जेवण कमी झालं होतं. नोटीस आल्यापासून रात्री दोनदा ते पाणी प्यायला उठले आणि न पिता परत आले. मला ते सगळं दिसत होतं आणि मी त्याचा अर्थ लावत होतो. तरुणपणी माणसाला अर्थ लावायची फार घाई असते.

शुक्रवारी मी कोपरीत पोचलो, तर नाना आधीच तिथे. हात मागे बांधलेले, नजर जमिनीवर. अगदी त्याच जागी, बांधापासून आठ पावलांवर. मी परत फिरणार तोच त्यांनी पाहिलं.

"काय रे?"

"काही नाही."

"काय शोधतोस?"

मी पुस्तक छातीशी धरलं. "पेनाचं टोपण पडलंय कुठंतरी."

नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरचा घाम भुवयांत उतरत होता. मग म्हणाले, "बरं."

"तुम्ही काय बघताय?"

"कुळवणी नीट झालीय का ते." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुला इथं काही दिसलं का?"

"काय?"

"काही नाही. टोपण मिळालं तर सांग."

आम्ही दोघं बराच वेळ त्या पंधरा फुटांत हिंडत राहिलो. मी टोपण शोधत होतो, ते कुळवणी तपासत होते. एकमेकांजवळ आलो की आम्ही दोघंही आभाळाकडे बघायचो. बांधापलीकडून गोदाक्कांचा आवाज आला, "बापलेक मिळून पेरताय का काय? अजून मिरीग लागला न्हाई!"

नाना घराकडे गेले. मी मनाशी म्हटलं, बिचारे! वय झालं, नजर कमी झाली, स्वतःचा पुरावा स्वतःला वेचता येईना. आता आपणच काय ते केलं पाहिजे. आणि काम अर्धवट ठेवायची मला तेव्हा सवय नव्हती. ती पुढे लागली.

रविवारी दुपारी, सगळं गाव पडवीत आडवं झालेलं असताना, मी टिकाव आणि खोरं घेऊन गेलो. नाना उभे होते तिथंच खणलं. दीड हातावर कोळसे लागले. ते वर काढून खाली हात घातला तर कापड. मी दचकलो. ओढून काढलं. हिरव्या लुगड्याचा तुकडा होता, त्यात बरणीचे उरलेले सगळे तुकडे नीट गाठ मारून बांधलेले. लुगडं ओळखीचं होतं. आईचं. दोन दिवाळ्यांमागं ते फाटलं तेव्हा तिनं त्याची फडकी केली होती.

उन्हात बसून मी त्या गाठीकडे बघत राहिलो. म्हणजे नानांना माहीत होतं. फार दिवसांपासून माहीत होतं. साक्ष वर आली, की ते ती कापडात बांधून आणखी खोल गाडत होते, आणि ही कृतघ्न जमीन ती पुन्हा वर आणत होती. गावाला खणायला सांगणारा माणूस स्वतः पुरत होता.

राग आला का, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मी सगळं डब्यात भरलं, खड्डा बुजवला, वरची माती पायानं सारखी केली, ढेकळं जशीच्या तशी मांडली. घरी येऊन डबा माळ्यावर ठेवला आणि त्यापुढे भोपळे रचले. मग नानांच्या समोर बसून चहा प्यायलो. बापाला वाचवल्यावर माणसाला किती एकटं वाटतं, हे मला त्या चहात कळलं.

सोमवारी नऊला मोजणीदार कुंभोजकर आले. काटकुळे, छत्रीवाले, नाकावर रुमाल. साखळी धरायला दोन माणसं आणि बघायला अर्धं गाव. बांधांच्या डॉक्टरचाच बांध मोजायचा, म्हणजे जत्राच की! नाना पांढरं धोतर, कोट, टोपी घालून आले होते. वैशाखात कोट.

साखळी ओढ्यापासून निघाली आणि कोपरीपर्यंत बिनबोभाट आली. तिथं कुंभोजकरांनी नकाशा उलगडला आणि जीभ चावली. शंभर वर्षं नकाशाची घडी नेमकी आमच्या कोपरीवर पडत होती. तिथं कागद नव्हता, भोक होतं. त्यातून त्यांचा अंगठा दिसत होता.

"आता?" गोदाक्का म्हणाल्या.

"आता दगडाखाली बघू." त्यांनी हद्दीचा दगड हलवायला लावला. खाली खणलं. काही नाही.

"जुन्या साक्षी राहतात कुठं आता," कुंभोजकर म्हणाले. "बाई, कागद नाही, खूण नाही. आहे तो बांध कायम धरावा लागेल."

मी श्वास सोडला. आठ दिवसांत पहिल्यांदा पुरता सोडला असेल.

"थांबा," नाना म्हणाले.

ते बांधावरून आमच्या रानात उतरले. एक, दोन, तीन... मी त्यांची पावलं मोजत होतो, ओठ न हलवता. आठव्या पावलाला ते थांबले आणि हातातली काठी जमिनीत रोवली.

"इथं खणा."

त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायला मला अजून शब्द मिळाला नाही, आणि शब्दांवर मी चाळीस वर्षं पोट भरलंय.

"नाना, तिकडं कशाला? ते तुमचं रान आहे," कुंभोजकर म्हणाले.

"खणा म्हणतो ना."

खणलं. एक हात. दीड हात. दोन हात. माती निघत होती, नुसती काळी, स्वच्छ, कुणी चाळून ठेवल्यासारखी. नाना खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. अडीच हात. त्यांनी टोपी काढली, खड्ड्यात उतरले आणि हातांनी माती उकरू लागले. कोटाच्या बाह्या मातीत माखल्या. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दाराला कडी लावून निघालेल्या माणसाला परत आल्यावर दारच नसावं, तसे ते चाचपडत होते.

"इथं होतं," ते म्हणाले. "कोळसे. निळ्या रेघांची बरणी. मी स्वतः ठेवलंय."

गर्दीत कुणीतरी च्च च्च केलं. "बघा, देवमाणूस. स्वतःच्या रानात दुसऱ्याची हद्द शोधतोय."

"नाना, उठा," कुंभोजकर गहिवरून म्हणाले. "तीस वर्षांच्या नोकरीत असा पक्षकार पाहिला नाही."

"अहो, मी खरं सांगतोय. बांध सरकवलेला आहे."

"असू दे, असू दे."

"माझ्या देखत सरकवलाय!"

"ऊन लागलंय त्यांना. पाणी द्या कुणीतरी."

नानांचा शब्द गावानं कधी मोडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा कबुली द्यायचं ठरवलं आणि गावानं तो एवढाच शब्द मोडला. गोदाक्का पुढे आल्या. चेहरा उतरला होता. "नाना, चुकलं माझं. सासूच्या डोळ्याला शेवटी कमीच दिसत हुतं. उगा तुमास्नी तरास दिला."

कुंभोजकरांनी गुडघ्यावर कागद घेतला. 'आहे तो बांध' असं लिहायला ते खाली वाकले. जिंकलो होतो आम्ही. नाव राहिलं, जमीन राहिली. आणि खड्ड्यात कमरेइतके उभे असलेले नाना, मातीचे हात तसेच धरून, एकेका चेहऱ्याकडे बघत होते. शेवटी माझ्यापाशी थांबले. बराच वेळ.

"मुकुंदा," ते अगदी हळू म्हणाले, "टोपण मिळालं का रे?"

हिरव्या लुगड्याची ती गाठ माझ्या डोळ्यांसमोर आली. लपवायचं असतं तर माणूस फेकून देतो. ओढा दोनशे पावलांवर होता. विहीर होती. इतकी वर्षं ते तुकडे पुन्हा वेचून, बांधून, त्याच जागी कुणी ठेवत नाही. लपवायचं असेल तर नाही.

"मिळालं," मी म्हणालो.

"घेऊन ये."

घर अर्धा मैल. मी जाताना पळालो, येतानाही पळालो आणि येताना डबा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा खुळखुळत होता. भोपळ्यांची उतरंड मागे कोसळली होती, तिचा हिशेब आईनं नंतर घेतला. खड्ड्याच्या काठावर मी डबा उपडा केला. कोळसे, बरणी, बांगडी, लुगडं.

मागची माणसं टाचा उंचावून पुढं सरकली.

"बेचाळीस साली," नाना म्हणाले, आणि ते गावाशी नाही, गोदाक्कांशी बोलत होते, "तुमचे सासरे सोलापूरला गिरणीत होते. आमच्या वडलांनी दगड इथनं काढला आणि तिथं नेला. बैल मी हाकले. याच्याच वयाचा होतो. वडील गेल्यावर सांगीन म्हटलं. मग लोक निवाड्याला बोलवायला लागले. मग सांगणं अवघड झालं. हे दरवर्षी वर यायचं, मी परत खाली ठेवायचो. मला बोलता येत नाही तर कधीतरी हे तरी बोलेल, म्हणून."

गोदाक्कांनी एक तुकडा उचलला, पदरानं पुसला, निळ्या रेघा पाहिल्या.

"सत्तावीस वरसं!" त्यांचा आवाज चढत गेला. "नाना, त्यातली चोवीस वरसं माझी सासू ओळी मोजत मेली! तिला येडी म्हनलं समद्यांनी. मी म्हनलं! तुमी हितं बसून लोकांचं बांध सरळ करत हुता आन् ती हितं, ह्या बांधावर, बोटं मोडत बसायची!"

"होय," नाना म्हणाले.

"होय काय होय!" अक्कांनी पदर खोचला. डोळे भरून आले तसा राग आणखी वाढला. "मग आता खड्ड्यात उभं ऱ्हाऊन काय करताय? वर या आन् दगड हलवा!"

कुंभोजकर अडचणीत आले होते. "पण डब्यातून आलेली साक्ष मी कागदावर लिहू कशी?"

"डबा लिहू नका," नाना म्हणाले. "बांध माझा, मी मागं घेतो, एवढं लिहा."

दगड दुपारपर्यंत जुन्या जागी आला. खाली साक्ष पुरायच्या वेळी नानांनी तुकडे माझ्या हातात दिले. मी एकेक लावला. वर माती गोदाक्कांनी लोटली आणि टाचेनं अशी दाबली, की सत्तावीस वर्षांत ती पुन्हा वर यायची नाही. आली. सातव्याच वर्षी आली. पण तेव्हा ती दगडापाशीच होती, मला पावलं मोजावी लागली नाहीत.

आम्ही घरी निघालो. नानांच्या हातात रिकामा डबा होता. त्यानंतर निवाड्याला त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि ते त्यांना त्याच वाटेवर ठाऊक होतं. पण पावलं हलकी पडत होती.

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"तू वेचतोयस ते? शुक्रवारीच. टाकाला टोपण नसतं, मुकुंदा." थोडं चालून ते म्हणाले, "वरवरचं उचलतोयस, असं वाटलं. खाली आहे ते आहे म्हटलं. खणशील असं नाही वाटलं."

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"तू बोलशील, असं वाटलं."

आम्ही दोघंही तेच तर करत आलो होतो.

पुढच्या आठवड्याच्या बाजारातून नानांनी मला पेन आणून दिलं. निळं, चांदीच्या पट्टीच्या टोपणाचं. तिसऱ्या दिवशी ते टोपण हरवलं. या वेळी खरंच हरवलं. नानांना जाऊन तसं सांगितलं, तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आत गेले आणि कोपऱ्यातलं खोरं घेऊन बाहेर आले.

"चल," म्हणाले. "कुठं खणायचं?"